‘बघून सांगतो’ : कामावरचे ज्ञान लोक का राखून ठेवतात?

मागील अंकात नव्या नोकरीतील पहिल्या वर्षाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली : ज्याला काम येते तो दुसऱ्याला सांगत नाही. त्यांपैकी तीन पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत आणि मजकूर थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत (ओतशाळेत) क्वालिटी विभागात आहे. डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो. आमच्या सँड प्लँटवर, म्हणजे साच्यांची वाळू तयार होते तेथे, एक ज्येष्ठ कामगार आहेत, त्यांना सगळे मामा म्हणतात. पावसाळ्यात कास्टिंगला (ओतीव मालाला) ब्लो-होल, म्हणजे आत पोकळ्या, येऊ लागतात, रिजेक्शन वाढते, मग मामा मिक्सरपाशी जाऊन काहीतरी फेरफार करतात आणि थोड्या वेळात माल सुधारतो. काय केले असे विचारले की म्हणतात, ‘वाळू बघून करायचं असतंय, कळंल तुला हळूहळू.’ पाणी किती, बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) किती हे नोंदवहीत लिहायला मागितले, तर ‘तसं काय ठरलेलं नसतंय’ हे उत्तर मिळते. आमचे सुपरवायझर म्हणतात, ‘वस्ताद सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, त्यातला हा प्रकार.’ मामा मुद्दाम लपवतात असे समजावे काय? आणि त्यांच्याकडून हे शिकावे कसे?

उत्तर : आपल्या पत्रात मामांची जी दोन वाक्ये आहेत, ती मला टाळाटाळीची वाटत नाहीत. ती खरी असण्याची शक्यता बरीच आहे, आणि म्हणून त्यांच्यावर लपवाछपवीचा शिक्का मारण्यापूर्वी थोडे थांबावे अशी माझी आपल्याला विनंती आहे.

पावसाळ्यात वाळूचे काय होते ते आपण जाणताच. उघड्यावर पडलेली नवी वाळू भिजून येते, हवेतही ओल असते, आणि अशा वेळी मिक्सरमध्ये नेहमीइतकेच पाणी सोडले तर साच्यात ओल जास्त होते. वितळलेले लोखंड आत जाताच त्या ओलीची वाफ होते आणि तिला साच्यातून बाहेर पडायला वाट सापडली नाही तर ती कास्टिंगमध्ये पोकळी करून बसते. कोअर (कास्टिंगचा आतला भाग पोकळ राहावा म्हणून साच्यात ठेवलेले वाळूचे गाभे) साठवणीत दमट झाले असतील तर त्यांच्याकडूनही हाच त्रास होतो. म्हणजे दर घाणीला पाण्याचे प्रमाण वेगळे असणार, आणि ‘तसं काय ठरलेलं नसतंय’ हे मामांचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक आहे. मामा मूठभर वाळू घेऊन दाबतात तेव्हा त्यांचे हात काय तपासत असतात हे एकदा जवळ उभे राहून पाहावे : मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्वच्छ उमटले आहेत का, वाळू तळहाताला चिकटून राहिली का, तो गोळा मधोमध मोडला तर कड धरून मोडतो की भुसभुशीत होऊन गळतो. वर्षानुवर्षे हे करणाऱ्याच्या हाताला जे कळते, ते त्याला शब्दांत सांगता येईलच असे नाही. मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ साली हेच मांडले की माणसाला जेवढे सांगता येते त्याहून अधिक त्याला ठाऊक असते.

या विषयावर कॅथरिन कॉनली, डेव्हिड झ्वाइग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली जे संशोधन प्रसिद्ध केले, त्यात त्यांनी एक रेघ स्पष्ट आखली आहे. कोणी विचारले असताना ठाऊक असलेली गोष्ट जाणूनबुजून दडवणे, याला ते ज्ञान लपवणे म्हणतात. न सांगितले जाणे ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. लपवण्याचेही त्यांनी तीन प्रकार नोंदवले. पहिला टाळण्याचा, म्हणजे ‘नंतर सांगतो’ म्हणून सांगायचेच नाही किंवा अर्धवट काहीतरी सांगून वाटेला लावायचे. दुसरा अनभिज्ञतेचे सोंग घेण्याचा. तिसरा कारण देऊन नकार देण्याचा, म्हणजे ‘साहेबांनी सांगू नको म्हटले आहे’ अशा धर्तीचा, आणि हे कारण प्रत्येक वेळी खोटे असते असे नाही. मामा पहिल्या दोन प्रकारांत बसतात का, हे आपणच पारखून पाहावे. त्यांनी आपल्याला मिक्सरपासून दूर पाठवले आहे काय? आपण जवळ गेल्यावर ते हात थांबवतात काय? तसे नसेल, तर ते लपवत नाहीत, त्यांना सांगता येत नाही.

गॅब्रिएल शुलान्स्की यांनी १९९६ साली मोठ्या कंपन्यांतील अभ्यासातून जो निष्कर्ष काढला, तो आपल्या सुपरवायझरांनीही वाचावा असा आहे. एका विभागातील चांगली पद्धत दुसऱ्या विभागात का जात नाही, याचे उत्तर सगळे जण ‘त्यांना द्यायचेच नसते’ असे देत होते. प्रत्यक्षात मोठे अडथळे वेगळे निघाले. घेणाऱ्याची ती गोष्ट समजून घेण्याची तयारी अपुरी असणे, नेमक्या कशामुळे फरक पडतो हे देणाऱ्यालाही स्पष्ट नसणे, आणि दोघांमधले संबंध अवघडलेले असणे, हे ते अडथळे होत.

तेव्हा आपण प्रश्न बदलावा. ‘पाणी किती?’ या प्रश्नाला मामांकडे उत्तर नाही, परंतु ‘आजच्या वाळूत तुम्हाला काय वेगळे दिसले?’ याला आहे. त्यांनी फेरफार करण्यापूर्वीची मूठभर वाळू आणि नंतरची मूठभर वाळू प्रयोगशाळेत न्यावी, ओल आणि कॉम्पॅक्टिबिलिटी (दाबल्यावर वाळू किती बसते ते) मोजावी, आणि शेजारी मामांनी त्या वेळी जे शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहावेत. पावसाळाभर हे केले की त्यांच्या हाताची भाषा आणि आपल्या यंत्राचे आकडे यांची सांगड आपोआप दिसू लागेल. मग ती वही आधी मामांना दाखवावी, साहेबांना नंतर. हा क्रम चुकवू नये, कारण त्यातच मामांचा आदर आहे.

राहिला वस्तादाचा राखलेला डाव. ज्या कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीचे मैदान आहे आणि पेठापेठांत तालमी आहेत, तेथे ही म्हण जिभेवर येणे साहजिक आहे. मात्र तिच्यातील कारण आपण विसरतो : वस्ताद तो डाव राखतो, कारण उद्या हाच पठ्ठ्या आपल्यालाच आव्हान देईल अशी त्याला धास्ती असते. म्हणून आपल्या फाउंड्रीत मामांना अशी धास्ती वाटावी असे कोणी काही केले आहे काय, हे सुपरवायझरांना अवश्य विचारावे.

प्रश्न : मी कोल्हापुरातील एका सहकारी बँकेत कर्जवसुली विभागात वरिष्ठ लिपिक आहे. बाकी सगळ्या पत्रांत तक्रार करणारे असतील. मी मात्र न सांगणारी आहे. थकीत खात्यांची यादी, कोणते खाते नव्वद दिवस ओलांडून एनपीएत (अनुत्पादक कर्जांत) जाणार आहे याचा आगाऊ इशारा, सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी लागणारी कागदपत्रे, हे सगळे एका एक्सेल फाइलमध्ये मी घरी बसून, रात्री जागून बसवले होते. आमच्या अधिकाऱ्यांनी ती फाइल मागून घेतली आणि संचालकांच्या सभेत स्वतःची म्हणून दाखवली. माझे नाव कोठेही नव्हते. त्या दिवसापासून मी कोणाला काही सांगत नाही. ‘बघून सांगते’ म्हणते आणि विषय सोडून देते. आता विभागात एक नवी मुलगी आली आहे. हुशार आहे, मनापासून विचारते, आणि मी तिलाही टाळते. रात्री वाईट वाटते. माझे चुकते का?

उत्तर : ताई, आपल्यावर अन्याय झाला आहे, हे प्रथम स्पष्ट लिहितो. दुसऱ्याचे काम स्वतःच्या नावावर खपवणे हा उघड उघड लुबाडणुकीचा प्रकार आहे, आणि ज्याच्याकडून एकदा असे लुबाडले जाते तो पुढच्या वेळी हात आखडता घेतो, यात त्याच्या स्वभावाचा दोष शोधणे योग्य नाही. ‘लोक सांगत नाहीत’ अशी तक्रार वरिष्ठ मंडळी करतात तेव्हा आधी कोणाचे श्रेय कोणी घेतले होते, हा प्रश्न फारच थोड्या ठिकाणी विचारला जातो.

तरीही आपण मला विचारले आहे, म्हणून पुढचेही लिहितो. अधिकाऱ्यांनी जे केले त्याची किंमत त्या मुलीकडून वसूल होत आहे. तिने काहीच घेतलेले नाही. आणि किंमत एवढ्यावर थांबत नाही. मातेय चेर्ने या स्लोव्हेनियातील संशोधकाने सहकाऱ्यांसह २०१४ साली दाखवून दिले की जो सहकाऱ्यांपासून ज्ञान लपवतो, त्याच्यापासून तेही लपवू लागतात, अविश्वासाचे हे चक्र फिरत राहते, आणि परिणामी लपवणाऱ्याच्याच कामातील नवेपणा कमी होत जातो. आपल्या बाबतीत हे कसे घडेल ते सहज दिसते. आपली फाइल आज चांगली आहे. उद्या नियम बदलेल, नवे सॉफ्टवेअर येईल, त्या मुलीला त्यातले काहीतरी आपल्याआधी कळेल, आणि तेव्हा तीही ‘बघून सांगते’ म्हणेल, कारण या विभागात असेच बोलायचे असते हे तिने आपल्याकडूनच पाहिलेले असेल.

आपले ज्ञान कोणाला, कोणत्या रूपात द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे, आणि तो वापरून आपण दोन्ही गोष्टी साधू शकता. फाइलच्या पहिल्या पानावर तयार करणाऱ्याचे नाव आणि तारीख घालावी. ती कोणालाही देताना कार्यालयीन ई-मेलने द्यावी, हातोहात पेन ड्राइव्हवर देऊ नये. सोबत दोन पानांचे टिपण जोडावे आणि त्याखाली सही करावी. सहकार खात्यातील आणि बँकांतील कामकाज नोंदीवर चालते, तेथे सहीच्या कागदाचे वजन मोठे आहे. त्या अधिकाऱ्यांशीही एकदा बोलावे. भांडण करण्यासाठी नव्हे. ‘त्या सभेत माझा उल्लेख झाला असता तर मला बरे वाटले असते, पुढील वेळी तो व्हावा’ एवढे एकच वाक्य शांतपणे बोलावे. हे बोलणे अवघड आहे, याची मला जाणीव आहे. पण न बोलता राहिलेला राग दुसऱ्या कोणावर तरी निघतोच, आणि तो सध्या कोणावर निघत आहे हे आपणच लिहिले आहे.

त्या मुलीला फाइल देण्याआधी तिच्याबरोबर एक प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवावे. दाखल्याच्या प्रस्तावात कागद कोठे अडकतो, जामीनदाराचा पत्ता जुना असेल तर नोटीस बजावण्याचे काय होते, खाते उतारा आणि मागणी नोटीस यांतील रकमा जुळल्या नाहीत तर प्रस्ताव कसा परत येतो, हे तिला एक्सेलमध्ये दिसणार नाही. ते आपल्याकडे आहे, आणि ते कोणी सभेत स्वतःचे म्हणून दाखवू शकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या मनावरचे ओझे कमी करण्यासाठी लिहितो. जे सांगू नये ते न सांगण्यात काहीही गैर नाही. खातेदाराची माहिती, संगणकाचा पासवर्ड, चौकशी चालू असलेले प्रकरण, यांबाबत ‘हे मला सांगता येणार नाही’ असे सरळ म्हणावे. ‘बघून सांगते’ हे उत्तर मात्र सोडावे. ऐकणाऱ्याला ते नकारापेक्षा जास्त लागते, कारण तो वाट पाहत राहतो.

प्रश्न : शिरोलीत माझे मशीन शॉप आहे, चाळीसेक माणसे कामाला आहेत. आमचा मुख्य सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा कारागीर) पुढच्या वर्षी निवृत्त होतो. कोणत्या जॉबला कोणता इन्सर्ट (कापणारे पाते), किती ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती), पकड कशी, हे सगळे त्याच्या खिशातल्या डायरीत असते आणि संध्याकाळी ती डायरी त्याच्याबरोबर घरी जाते. पोरांना तो शिकवत नाही. मी महिन्याला सर्वांत जास्त उत्पादन काढणाऱ्याचे नाव फळ्यावर लावतो आणि त्याला बक्षीस देतो. आता विचार आहे की दुसऱ्याला शिकवणाऱ्याला दर माणसामागे पाचशे रुपये द्यावेत. याचा उपयोग होईल का? की डायरी सरळ मागून घ्यावी?

उत्तर : डायरी मागून घेऊ नये. ती हातात आली तरी तिच्यातून काम येणार नाही. पातळ भिंतीचा जॉब चकमध्ये (मशीनच्या पकडीत) जास्त दाबला की तो मशीनवर मापात दिसतो आणि पकड सोडल्यावर ओव्हल होतो. डायरीत ‘प्रेशर कमी’ एवढेच लिहिलेले असेल, आणि किती कमी, सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) कधी पुन्हा बोअर करायचे, हे त्या माणसाच्या शेजारी उभे राहिल्याशिवाय कळणार नाही. शिवाय मागून घेतलेल्या डायरीनंतर तो दुसरी डायरी मनात ठेवू लागेल.

आपल्या पत्रातील फळ्याविषयी मला अधिक सांगायचे आहे. सर्वांत जास्त उत्पादन काढणाऱ्याचे नाव लावले, म्हणजे शेजारच्या मशीनवरचा मुलगा हा आपला प्रतिस्पर्धी आहे हे आपणच रोज सकाळी फळ्यावर लिहून सांगितले. त्याला शिकवायला अर्धा तास घालवला तर स्वतःचे नग कमी पडतात, बक्षीस जाते, आणि तो मुलगा तयार झाला तर पुढच्या महिन्याचेही जाते. वर उल्लेख केलेल्या चेर्ने यांच्याच अभ्यासात असे आढळले की जेथे वातावरण एकमेकांशी तुलनेचे आणि चढाओढीचे असते तेथे लपवण्याचे दुष्परिणाम अधिक होतात, आणि जेथे भर शिकण्यावर, कौशल्य वाढवण्यावर असतो तेथे ते कमी होतात. मारिलेन गान्ये आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ऑस्ट्रेलिया व चीनमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना सांगण्यात अर्थ आणि आनंद वाटतो ते अधिक सांगतात, आणि दबावाखाली, बक्षिसाच्या किंवा शिक्षेच्या विचाराने सांगावे लागते तेव्हा लपवणे वाढू शकते, असे त्यातून दिसले. इतर लोक सतत एकाच माणसावर अवलंबून असले की त्याच्यावर दबाव येतो आणि तोही लपवू लागतो, हीसुद्धा त्यातील महत्त्वाची नोंद आहे. आपल्या सेटरला दिवसातून किती वेळा हाक मारली जाते, ते एकदा मोजावे.

म्हणून पाचशे रुपयांची योजना मी आपल्याला सुचवणार नाही. माणसे मोजून पैसे दिले की माणसे मोजून शिकवली जातील. सही घेतली जाईल आणि शिकणे होणार नाही.

त्याऐवजी वेळ द्यावा. शिकवण्याचा वेळ शिफ्टमध्ये धरावा आणि तेवढे नग त्याच्या उद्दिष्टातून वजा करावेत. आपल्या सेटरला शिकवण्याची पद्धतही कोणी शिकवलेली नाही, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांत नवी माणसे झटपट तयार करण्यासाठी एक कार्यक्रम राबवला गेला, जो पुढे जपानमध्ये गेला आणि टोयोटाच्या प्रशिक्षणाचा पाया झाला. त्यात शिकवणाऱ्याने काम करून दाखवायचे, मग प्रत्येक टप्प्यातील मोक्याची गोष्ट आणि तिचे कारण तोंडाने सांगत पुन्हा दाखवायचे, मग शिकणाऱ्याकडून करून घेताना त्याच्याच तोंडून ती कारणे वदवायची, आणि शेवटी त्याला एकट्याला सोडून अधूनमधून येऊन पाहायचे, असा क्रम आहे. कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेले नाही, हे त्यातील सूत्र होते. कारण सांगायला लावणे हा यातला कळीचा भाग आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील जुने मिस्त्री हात धरून उत्तम शिकवत असत, मात्र ‘का’ हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहत असे.

चहाच्या सुट्टीकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहावे. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर राहून अभ्यास केला, तेव्हा त्याला दिसले की छापील पुस्तिकेत नसलेल्या अडचणींची उत्तरे हे लोक नाश्त्याच्या टेबलावर एकमेकांना किस्से सांगत सांगत देत होते. बाहेरून पाहणाऱ्याला ती गप्पांत घालवलेली वेळ वाटली असती. आपल्या गेटबाहेरच्या टपरीवर ‘काल तो जॉब कसला नाचवत होता’ असे कोणी म्हणतो, तेव्हा तेथे प्रशिक्षण चालू असते. शिफ्ट बदलताना दोन सेटरांना दहा-पंधरा मिनिटे एकत्र मिळतील अशी वेळ ठेवावी.

आता सर्वांत अवघड भाग, आणि तो आपल्या हातातला आहे. आपल्या सेटरला भीती कशाची आहे, हे आपण पत्रात लिहिलेले नाही. कदाचित विचारलेलेही नसेल. आपल्या वसाहतींत कायम माणूस काढून त्याच्या जागी कंत्राटी माणूस घेतल्याची उदाहरणे कामगारांना पाठ असतात. ‘शिकवलं की उद्या मलाच घरी पाठवतील’ हे वाक्य ज्याने एकदा शेजाऱ्याच्या बाबतीत खरे होताना पाहिले, तो बक्षिसाला भुलत नाही. त्याला आपण लेखी द्यावे की निवृत्तीच्या तारखेपर्यंत त्याची जागा आणि पगार यांत बदल होणार नाही, आणि निवृत्तीनंतर त्याची इच्छा असेल तर आठवड्यातून काही दिवस शिकवण्यासाठी मानधनावर बोलावले जाईल. त्याच्या ओव्हरटाइममध्ये घट होणार असेल तर ती भरून द्यावी. ज्या ज्ञानावर आपले चाळीस जणांचे दुकान चालते, त्याची ही किंमत फार नाही.

आणि त्याच्या हाताखाली माणूस द्यायचा तो आजच द्यावा, एकच द्यावा, आणि कोण द्यायचा हे त्यालाच निवडू द्यावे. शेवटच्या महिन्यात चार पोरे उभी केली तर ती नुसती उभीच राहतील.